माइक घ्या, व्युत्पत्ती सांगा

परवा ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत मराठी भाषा दिनाचं पाऊण तासाचं भाषण ऐकलं, इंग्रजी शब्द आपल्याच भाषेतून निघाले असं सांगणारं, आणि कळलं, इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायला कोश लागत नाही, माइक लागतो. तुम्हालाही जमेल.

शब्द मोठ्याने म्हणा. ‘नॅव्हिगेशन’. ऐकू आलं ना ‘नवगती’? झालं काम! लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणं, तिकडे बघायचंच नाही. आपली ‘नौ’ त्या ‘नाविस’ची सख्खी बहीण आहे, पण बहीण होऊन कोणाचं पोट भरलंय? आपल्याला आईच व्हायचंय.

शब्द पहिल्यांदा कधी लिहिला गेला, हे विचारू नका.

‘अवर’ म्हणजे तास, तो आपल्या ‘होरा’वरून आला, असं ठोकून द्या. ज्योतिषातला ‘होरा’च ग्रीकांकडून आपल्याकडे आला, ‘केंद्र’सुद्धा, असं कोणी पुटपुटलं तर त्याला देशद्रोही म्हणा.

मग घरचा मुद्दा. स्कॉटलंडच्या सरदाराला ‘थेन’ म्हणत. स्पेलिंग आपल्या ठाण्याचंच, अक्षर न अक्षर! म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकातला ‘थेन’ मॅकबेथ ठाणेकर, बहुधा नौपाड्याचा. आपलं ठाणे शिलाहार राजांच्या ‘श्रीस्थानका’तून आलं आणि त्यांचा ‘थेन’ जुन्या इंग्रजीतल्या ‘थेग्न’ म्हणजे सेवक, शिपाई यातून, म्हणून काय झालं?

ध्वनिनियम तर मुळीच पाळू नका. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडले, त्याला काय कळतंय! पितृ–फादर, पाद–फूट: ‘प’ला ‘फ’. दश–टेन, दंत–टूथ: ‘द’ला ‘ट’. जोडीमागून जोडी तोच बदल दिसतो, तेव्हा नातं ठरतं. एका शब्दाचा नाद जुळला म्हणून नाही. आणि शब्द उसना गेला असेल तर वाटेतली स्टेशनं दाखवावी लागतात. ‘शर्करा’ स्लो लोकलने गेली: फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मग लॅटिन, जुनी फ्रेंच, तेव्हा कुठे ‘शुगर’. तुमच्या नवगतीचं एक तरी स्टेशन दाखवा. एक!

आणि मुंगूस? अहो, इंग्रजीतला ‘मंगूस’ मराठीतून गेलाय. इंग्रजी कोशांत मूळ म्हणून ‘मराठी’ असं चक्क छापलेलं असतं. मराठी भाषा दिनाला, मराठी माणसांसमोर, पाऊण तासात त्या बिचाऱ्याचं नावसुद्धा निघालं नाही. खरं देणं दारात उभं, आणि आपण दुसऱ्याच्या घरावर पाटी लावत फिरतोय! लाज वाटली पाहिजे. कोश उघडायला पाच मिनिटं लागतात. तेवढीही नसतील तर माइक खाली ठेवा, पोहे गार होतात.