आईबाबांना 'पाणी पीत जा' म्हणण्याआधी त्यांचं बाथरूम बघून या

"पुण्यात कुठं उन्हाळा असतो?" हे आमच्या बाबांचं वाक्य. सहकारनगरला तिसरा मजला, वर थेट स्लॅब, लिफ्ट नाही, आणि घरात एसी आहे पण तो जावई आला की लागतो.

2023 च्या एप्रिलमधे नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हानं 14 माणसं गेली, आठवत असेल. पारा होता 38 च्या आसपास, म्हणजे आपल्याकडे एप्रिलमधे असतो तेवढाच, फक्त तिकडची हवा दमट. बाबांनी पेपर वाचता वाचता सुनावलं, "लोकांना अक्कल नको का, इतक्या उन्हात तासन्‌तास बसायचं?" आणि त्याच आठवड्यात हे स्वतः साडेबाराला बँकेत निघाले, 15एच फॉर्म द्यायला. का तर व्याजावर टीडीएस कापला गेला तर नंतर रिटर्न भरून परत मागायची कटकट. बँकेत सर्व्हर डाऊन, बसायला खुर्च्या चार आणि माणसं पंचवीस, सगळी सत्तरीच्या आसपासची, कारण एप्रिलमधे हा फॉर्म सगळ्यांनाच द्यायचा होता. तास दीड तास उभे राहिले, मग रिक्षा चाळीस रुपये मागतोय म्हणून चालत घरी. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसले ते उठेचनात. खालच्या काकू सांगतात, त्यांना ओळखलं पण नाव घेतलं भलतंच, त्यांच्या सासूबाईंचं, ज्या जाऊन वीस वर्षं झाली.

दवाखान्यात रक्तातलं सोडियम निघालं 122. ते 135 च्या वर पाहिजे. बीपीच्या गोळीत लघवी जास्त करवणारं औषध होतं, ते वर्षानुवर्षं चालू, त्यात घाम, त्यात सकाळपासून पोटात फक्त चहा. डॉक्टरांनी गोळी बदलली, आणि एक सांगितलं जे मला तोवर माहीतच नव्हतं, की अशा माणसानं नुसतं साधं पाणी ढसाढसा प्यायलं तरी सोडियम अजून खाली जाऊ शकतं. म्हणजे आपण फोनवर रोज जे बजावतो ना, 'पाणी पीत जा', तेवढ्यानं भागत नाही. (गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका प्लीज, उन्हाळा लागायच्या आधी एकदा डॉक्टरांना सगळी पाकिटं दाखवून या. बीपी, हार्ट, किडनी, झोपेची, सर्दीची, सगळी.)

आता आईचं ऐका. आईला तहानच लागत नाही. हे ती खोटं बोलत नाही, वय झालं की तहान खरंच कमी कळते, घामही कमी येतो, त्यामुळे आतून तापतंय हे अंगाला कळेपर्यंत उशीर होतो. पण ते अर्धंच कारण. भावानं तिला ती तासातासाच्या खुणा असलेली बाटली आणून दिली होती, तिच्यात आता तुळशीला घालायचं पाणी असतं. मी मे महिन्यात चार दिवस तिकडं राहिले तेव्हा बघितलं, संध्याकाळी पाचनंतर तांब्याला हातच नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं रात्री उठावं लागतं." बाथरूम पॅसेजच्या टोकाला, मधे एक पायरी, दिव्याचं बटण पलीकडच्या भिंतीवर, आणि तिचे गुडघे हे असे. म्हणजे बाई पडायच्या भीतीनं तहानलेली राहते! बाहेर लग्नकार्याला जायचं असेल तर सकाळपासूनच पाणी बंद, कारण रस्त्यात बायकांना जायला जागा कुठाय, असेल तर आत पाय ठेववत नाही. बाबांचं प्रोस्टेटमुळे तेच, फक्त ते बोलत नाहीत.

मग आम्ही भिंतीला धरायला दांडा बसवला, पॅसेजमधे रात्रभर जळणारा छोटा दिवा, पायरीला पिवळी पट्टी, कमोडची सीट उंच केली. फार खर्च नाही आला. त्या आठवड्यात आई रात्री आठला अर्धा ग्लास ताक प्यायली, कुणी न सांगता. बाटलीनं जे दोन वर्षांत झालं नाही ते त्या दांड्यानं केलं.

दुसरं, आपण बातम्यांत 'उष्णतेची लाट' म्हटलं की मगच जागे होतो. तिचा हिशोब असा असतो की मैदानी भागात पारा निदान 40 पाहिजे आणि शिवाय नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त. पुण्याचं एप्रिलमधलं नेहमीचंच 38 च्या आसपास, म्हणजे लाट जाहीर व्हायला 42 च्याही वर जायला पाहिजे. 40 ला लाट नाही, पण 76 वर्षांच्या माणसाला 40 म्हणजे 40 च. आणि तो आकडा सावलीतला, शिवाजीनगरच्या झाडीतल्या वेधशाळेतला. (सिमला ऑफिस म्हणतो आपण त्याला, 1928 ला सिमल्याहून इकडं आलं म्हणून. नावातच गारवा.) आमच्या स्लॅबखाली रात्री अकराला भिंतीला हात लावला तर ती गरम लागायची, आणि गादी तर आत्ताच इस्त्री फिरवल्यासारखी. पंखा लावलाय ना, असं म्हणू नका, खोलीच चाळिसाच्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. गच्चीला पांढरा रंग मारायचा विषय आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधे तीन वेळा निघाला आणि तीन वेळा पार्किंगच्या भांडणात बुडाला. शेवटी आम्ही आमच्या डोक्यावरचा तुकडा तेवढा रंगवला. आणि दुपारी दोघांनी एकाच खोलीत एसी 27 वर लावायचा, बिल मी भरणार. बिल मी भरते म्हटल्यावर लागतो बरं का एसी!

पन्हं, कोकम, वाळ्याचं पाणी सगळं ठीकच, पण शुगर असेल तर पन्ह्यातला गूळ मोजा, बीपी असेल तर मीठ डॉक्टरांना विचारून. ओआरएस म्हणजे औषधाच्या दुकानातली पुडी, एका लिटरची असेल तर अख्खी एक लिटरमधेच घालायची, कपभर पाण्यात चिमूटभर नाही. टेट्रापॅकमधली गोड पाणी ओआरएस नावानं खपत होती, ते नाव लावायला 2025 च्या ऑक्टोबरमधे बंदी आली, फार उशिरा आली.

आणि हे मात्र पाठ करून ठेवा. म्हातारं माणूस उन्हाळ्यात अचानक चिडचिड करायला लागलं, जेवण नको म्हणालं, दिवसभरात लघवीला एकदाच गेलं, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. बरळायला लागलं, अंग भाजतंय, तर 108 ला फोन, तोवर कपडे सैल, ओली फडकी मानेला काखेत जांघेत, पंखा फुल. धड शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. आमच्या जिन्यात लोक ग्लास घेऊन तोंडापाशी उभे होते, काकूंनी थांबवलं म्हणून बरं.

पुढच्या वर्षी बाबांचा 15एच मी ऑनलाईन भरला, पाच मिनिटांत. ते शेजारी बसून बघत होते. झाल्यावर म्हणाले, "शिक्का कुठाय?" मी प्रिंट काढून दिली. त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं तारीख घातली, सही केली आणि फाईलला लावली. बँकेत मात्र गेले नाहीत.