ताई, आधी एपिसोड संपवा

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सासूबाई झोपल्या, मिस्टर घोरतायत आणि तुम्ही ब्राइटनेस कमी करून मोबाईलवरच्या सिरीयलमधल्या त्या काळ्या कोटवाल्या डॉनच्या मागे एपिसोड 62 पर्यंत आलात. उत्तम. आता अजिबात सोडू नका.

स्टोरी तर काय, तोंडपाठ असेल आता. नवरा लग्नाच्या वाढदिवशी घटस्फोटाचे कागद पुढे सरकवतो, तीही वेडी न वाचता सही करते, मग तिला इटलीचा एक डॉन भेटतो, तो तिच्यावर मरतो, आणि 40-50 एपिसोड रडून झाल्यावर कळतं की ही बिचारी-बिचारी वाटणारी बाईच सगळ्या इस्टेटीची गुप्त वारसदार आहे. मग बदला. एपिसोड दीड मिनिटाचा, पहिले आठ-दहा फुकट, आणि नेमका नवरा तिच्या मैत्रिणीसोबत सापडला की स्क्रीनवर कुलूप. कॉइन घ्या, कुलूप उघडा. घ्या की मग, आपल्याला कुठे त्या पैशाची भाजी आणायचीय.

फक्त एक सांभाळा. हे बघता बघता डोक्यात भलतेसलते विचार येऊ देऊ नका. म्हणजे असं की परवाच धुळ्याकडून, अमळनेरकडून, जिथलं कुठलं तुमचं माहेर असेल तिथून थोरल्या भावाचा फोन आला होता ना, "बाई, आखाजीले येजो वं, आनी आधार कार्ड बी लई येजो." आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते ती गौराईसाठी, झोक्यासाठी, आंब्याचा रस नि सांजोऱ्यांसाठी. यात आधार कार्डाचं काय काम हे विचारायचं नाही. झोका खेळायला ओळखपत्र लागत असेल हल्ली.

(आखाजीलाच आपल्याकडे वर्षभर शेतात राबणाऱ्या सालदाराचं साल ठरतं. तो मात्र घासाघीस करतो बरं, धान्य किती, रोख किती, उचल किती. तुमचा व्यवहार साडीवर मिटतो, तेही काठ न बघता.)

मोबाईल हातात आहेच तर चुकून दुसरं काही सर्च करू नका. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांना मिळतो, तो तर मुळीच काढू नका, 15 रुपयात कुलूप उघडून काय मिळणार, आपल्या वडलांचं नाव आणि खाली कुणाकुणाची नावं चढली तेवढंच दिसणार, त्यात ना डॉन ना बॅकग्राउंड म्युझिक. 2005 साली हिंदू वारसा कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत लेकीला जन्मापासून लेकाइतकाच हिस्सा मिळाला, महाराष्ट्राने तर थोड्याफार फरकाने हे 1994 मध्येच केलं होतं, 2020 ला सुप्रीम कोर्टाने वर हेही सांगून टाकलं की 2005 ला वडील हयात नसले तरी लेकीचा हक्क जात नाही. वडलांनी स्वतः कमावलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल तर त्यातही लेक वारस आहेच, तो कायदा 1956 चा. असली कोरडी माहिती वाचून झोप उडते. तुम्ही इटलीतल्या वारसदारणीची काळजी करा, तिचा हिस्सा अजून अडकलाय.

आणि डॉन ओळखायची घाई करू नका. तुमचा सिरीयलवाला डॉन पेंटहाऊसमध्ये राहतो, पण इटलीतल्या सिसिली बेटावरचा खरा डॉन, बर्नार्डो प्रोव्हेनझानो, 43 वर्षं फरार राहून 2006 ला सापडला तो त्याच्याच कोर्लिओने गावाजवळच्या शेतातल्या साध्या घरात. टाइप केलेल्या चिठ्ठ्यांवर सगळा कारभार चालवायचा, फोन नाही काही नाही. पोलीस पोचले ते बायकोने धाडलेल्या धुतलेल्या कपड्यांचा माग काढत. म्हणजे खरी पॉवरवाली माणसं दिसायला अगदीच ही असतात, पांढरा सदरा, टोपी, ओट्यावर बसून तंबाखू मळणं, तलाठ्याला "या आप्पा, च्या घ्या" म्हणणं. पण छे, आपले दादा तसे नाहीत. दादांनी लग्नात मांडव घातला होता.

तिकडे माफियावाल्यांच्या गप्प राहण्याच्या नियमाला ओमेर्ता म्हणतात. 1984 साली तोम्मासो बुशेत्ता नावाचा एक जण त्यांच्यातलाच, न्यायाधीश फाल्कोनेपुढे बोलला आणि पालेर्मोच्या मोठ्या खटल्यात 338 जणांना शिक्षा झाल्या. एकटा बोलला तर एवढं होतं, म्हणून आपल्याकडे कुणी बोलतच नाही. तुम्ही नुसतं विचारून बघा ओट्यावर, "आपली नदीकाठची जमीन कोणाच्या नावावर आहे हो?" केळीचा भाव, कपाशीवरची अळी, कुणाच्या पोराचं कुठे जुळलं, सगळं चालू असेल ते खाडकन बंद. मायपण पदराशी खेळत बसेल. मग रात्री हळूच येऊन म्हणेल, माहेर तुटीन वं बाई. हे तुम्हाला ओळखीचं वाटलं तर पटकन पुढचा एपिसोड लावा.

बदल्याचं तर नावच नको. नेपल्सच्या पुपेत्ता मारेस्काने 1955 मध्ये गरोदर असताना नवऱ्याच्या खुनामागच्या माणसाला भर रस्त्यात गोळ्या घातल्या, पोर तुरुंगात झालं. आपल्याकडे बंदूक लागत नाही, फेरफाराच्या, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलण्याच्या, नोटिशीवर 15 दिवसांत एक साध्या कागदावरचा हरकतीचा अर्ज दिला की खानदान हादरतं, आणि पुढच्या लग्नात तुम्हाला हळदीला कुणी बोलवत नाही. एवढी मोठी शिक्षा कशाला ओढवून घ्यायची? आणि हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याची लिखापढी, रजिस्टर झाली की मागे फिरवणं किती महाग पडतं, ते तर विचारूच नका कुणाला.

तेव्हा आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दादा गाडी काढतील, मागे तुम्ही नि धाकटी, शहरात रजिस्टर ऑफिसला. दोन साक्षीदार आधीच चहा पीत उभे असतील, ते कोण हे विचारू नका, तुम्हाला ते नीट ओळखतात. कॅमेऱ्यासमोर बसवतील, पदर सारखा करा म्हणतील, मशीनवर अंगठा ठेवायला सांगतील, पहिल्यांदा उठणार नाही, भांडी घासून रेषा गेल्यात, मग दादा स्वतःच्या रुमालाने पुसून देतील. किती प्रेम! कागद बारा-चौदा पानांचा असेल, वाचत बसू नका, मागे रांग असते. लेखनिक फक्त जिथे पेन्सिलची फुली तिथे बोट दाखवेल. येताना ढाब्यावर शेवभाजी.

एक मात्र लिहिण्याआधी लेखनिकाला विचारून घ्या, सही माहेरच्या नावाने करायची का सासरच्या.