दिसला का, काका?

पक्षिनिरीक्षणात पक्षी दिसण्यापेक्षा तो कुठे बसलाय हे दुसऱ्याला सांगण्याला जास्त मान असतो. हे ज्ञान मला कवडीपाटला, मुळा-मुठेच्या काठावर, थंडीतल्या एका पहाटे झालं. "भडक कपडे नकोत, अत्तर नको, बडबड नको," असा हुकूम आदल्या रात्रीच सुटला होता. अत्तराचा प्रश्न नदीनेच मिटवला. अख्ख्या पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन आलेली ही नदी जवळ आली, की आपण काय फवारलंय ते आपल्यालाही कळत नाही.

मार्गदर्शक पोरगा हुशार होता. बाभळीकडे बोट करून कुजबुजला, "वटवट्या! खालून तिसरी फांदी, दोनच्या काट्यावर, सुकलेल्या शेंगेमागे." दुर्बीण आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट जवळ आणणारी. तिने बाभूळ आठपट जवळ आणली.

"दिसला का, काका?"

आजूबाजूला "वा!", "सुरेख!" सुरू झालं होतं. एक आजोबा तर दुर्बिणीची टोपणं न काढताच "अप्रतिम" म्हणाले. मीही म्हणालो, "दिसला."

"भुवई बघितलीत? पांढरी?"

"बेताचीच वाटली," मी म्हणालो. पोरगा खूश झाला. वटवट्यांच्या जाती अशा भुवयांवरूनच ओळखतात म्हणे!

खरे बघण्यासारखे पक्षी तर समोरच होते. हिवाळ्यात लडाख-तिबेटकडून उतरणारे, केशरी-सोनेरी चक्रवाक. संस्कृत कवींनी यांना कमळांच्या तळ्यात बसवलं; इथे ते जलपर्णी आणि थर्माकोलच्या ताटल्यांमध्ये बसले होते, तेही तक्रार न करता. पण ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात, म्हणून त्यांना आमच्या गटात किंमत नव्हती. लाल काटक्यांसारख्या पायांच्या शेकाट्यांचीही तीच गत. कवड्या खंड्याने मात्र थोडा मान मिळवला. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तो थांबला, सरळ सूर मारला आणि मासा घेऊन वर आला. त्या पाण्यात हा डोकं घालतो, आणि मी हॉटेलात "पाणी फिल्टरचं आहे ना?" विचारतो.

ऊन चढल्यावर सोलापूर रस्त्यावर मिसळ झाली. खरं पक्षिनिरीक्षण तिथे झालं. पोरगा मोबाइलवर ईबर्डची, म्हणजे दिसलेल्या पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या ॲपची, यादी भरू लागला. हळदी-कुंकू बदकं किती, धोबी किती, यावर रश्श्याच्या वाट्या निवल्या.

"कापशी घार कुणी बघितली का?" त्याने विचारलं.

शांतता पसरली. मग आजोबा म्हणाले, "होती की. तारेवर."

"दोन होत्या," मी म्हणालो.

"तीन," पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. तो माणूस आमच्या गटातला नव्हताच.

पोरग्याने आम्हा तिघांकडे नीट पाहिलं. आमच्या भुवया तपासत असावा.

"काका, कापशी राहू द्या," तो म्हणाला. "पाव सांगू का अजून?"