आतेची काळी चार आणि माझ्या चार तारा

आमच्या आतेला मोबाईलची फारशी गरज पडत नाही. देवबागच्या टोकाला उभं राहून तिने हाक मारली की कर्ली नदीच्या पलीकडे, भोगव्याच्या काठावर पेंगणारा होडीवाला इंजिन चालू करतो. भजनात ती पेटीवरच्या काळी चार पट्टीच्या खाली उतरत नाही. चतुर्थीच्या फुगड्यांत तिने गाणं उचललं की शेजारच्या वाडीतल्या बायकांना आमच्या अंगणात यावं लागत नाही, त्या आपापल्या घरीच फेर धरतात.

आमचं छोटंसं होमस्टे आहे. रात्री जेवणं झाली, सोलकढीचे पेले रिकामे झाले की पाहुणे म्हणतात, "मावशी, एखादं गाणं होऊन जाऊ दे." मावशी आजवर कुणाला नाही म्हणालेल्या नाहीत. अडचण साथीची. घरात पेटी नाही, पखवाज वाजवणारा चुलतभाऊ नोकरीला मुंबईत. उरलो मी, आणि माझ्याकडचं एक युकुलेले, म्हणजे चार तारांची छोटी गिटार. एक पाहुणा ते खोलीत विसरून गेला होता. फोन केला तर म्हणाला, "असू दे तुमच्याकडेच." इतक्या तत्परतेने कुणी काही देऊन टाकलं की माणसाने सावध व्हावं.

ते होतं सोप्रानो, म्हणजे या घराण्यातलं सर्वांत धाकटं, लांबी जेमतेम २१ इंच. एकट्याने ओटीवर बसून वाजवलं की फार गोड. आतेने "गवळणी गे" म्हणून तोंड उघडलं की संपलं. एका रात्री ठाण्याच्या एका आजोबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुम्ही नुसता हात हलवता, की त्यातून काही येतंही?"

मग आवाज वाढवण्याचे घरगुती उपाय झाले. बोटाच्या मांसाने छेडलं तर सूर मऊ येतो, नखाने कणखर. म्हणून तर्जनीचं नख वाढवलं. ते खोबरं खवताना गेलं. जुन्या नायलॉनच्या तारा काढून फ्लुरोकार्बनच्या चढवल्या. सूर उजळला, पण आतेपर्यंत पोचला नाही. ती म्हणालीच, "मेल्या, तू वाजवतंस काय? माका काय ऐकाक येणा नाय."

वास्तविक या वाद्याचं आणि आमचं जवळचं नातं असायला हवं होतं. १८७९ मध्ये मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांत कामाला म्हणून रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजाने होनोलुलूला उतरले. त्यांच्याबरोबर आलेल्या छोट्या गिटारीवरून त्यांच्यातल्याच सुतारांनी तिथे हे घडवलं. पोर्तुगीज आमच्या बाजूला आले त्याच्या कितीतरी आधी. आम्हाला त्यांनी काजू दिला, मिरची दिली, पाव दिला. वाद्य मात्र हवाईला. तक्रार नाही, काजू वाजवावा लागत नाही.

शेवटी पणजीला एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकान गालिचा घातलेलं, वातानुकूलित, शांत. अशा जागी टाचणी पडली तरी मैफल वाटते. दुकानदाराने एक वाद्य काढून डोळे मिटून छेडलं आणि विचारलं, "कसं वाटतं?" मी म्हटलं, "गाणाऱ्याचा आवाज जरा मोठा आहे." तो म्हणाला, "त्यांना हळू गायला सांगा ना."

आते माझ्या मागेच उभी होती.

"हळू म्हंजे कसा? आजारी पडान?" असं म्हणून तिने तिथेच गवळण सुरू केली. भिंतीवर टांगलेल्या गिटारी आपोआप गुणगुणायला लागल्या. सतारीच्या तरफेच्या तारा न छेडता बोलतात तो प्रकार, पण इथे अख्खी भिंत बोलत होती. दुकानदाराने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले नाहीत. मग मात्र तो मनापासून कामाला लागला.

महोगनीचं कॉन्सर्ट, म्हणजे सोप्रानोपेक्षा एक माप मोठं, २३ इंची: ऊबदार, सभ्य, पहिल्या ओळीतच वाहून गेलं. स्वस्तातलं एक दिसायला दणकट होतं. त्याची लाकडं जाड आणि आतले आधार भक्कम. मोडू नये म्हणून इतकी काळजी घेतलेली की ते कंपच पावत नव्हतं. मग आलं बॅन्जोलेले, गोल कड्यावर ताणलेला पडदा आणि वर युकुलेलेच्या तारा. माईक सर्रास नव्हते त्या १९२० च्या दशकात पाश्चात्य रंगमंचांवर हे फार चाललं, आणि का चाललं ते दोन झटक्यांत कळलं. आतेचा आवाज प्रथमच कशाला तरी अडला. तिने गाणं थांबवलं आणि निकाल दिला, "पत्र्यार पावस पडता तसा वाजता ह्या." प्रतिस्पर्धी तिला खपत नाही, असं माझं मत. वीजेवर चालणाऱ्याचं नाव मीच निघू दिलं नाही. आमच्याकडे पहिल्या सरीला वीज जाते.

मग दुकानदाराने खरी गोष्ट सांगितली. नेहमीसारख्या तारा लावल्या की या वाद्याचा सर्वांत खालचा सूर पाश्चात्य स्वरांतला मधला सी, २६२ हर्ट्झचा. बाईमाणसाचा आवाज फिरतो तो नेमका तिथूनच वर. म्हणजे एकाच बाकड्यावर दोघांनी बसायचं, आणि त्यातली एक आते. तेव्हा वाद्याला खालची जागा द्यावी. त्याहून मोठ्या मापाचं २६ इंची टेनर घ्यावं, वरची पाटी अख्ख्या स्प्रूस लाकडाची, म्हणजे आवाज पुढे फेकला जातो. बाजू प्लायच्या असल्या तर पावसाळी हवेत चिंता कमी. आणि चौथी तार, म्हणजे 'जी' सुराची, खालच्या सप्तकातली लावावी, १९६ हर्ट्झची. काळी चार म्हणजे जी शार्प. पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, चढवून जी, सी, डी हे कॉर्ड वाजवले की पट्टी जुळते.

लावून बघितलं. आतेच्या आवाजाखालून काहीतरी चाललंय हे मला स्वतःला प्रथमच ऐकू आलं. घासाघीस आतेने केली. ती फार वेळ चालली नाही.

पहिल्या रात्री ठीक गेलं. दुसऱ्या रात्रीपासून आते आणखी चढली. कानावर आवाज पडला की माणूस आपोआप जोरात बोलतो, हे लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं आहे. मला वाद्य ऐकू येत होतं, तसं तिलाही येऊ लागलं होतं. आठवड्याने ती घसा शेकत म्हणाली, "तुझा ह्या मोठ्यान वाजता, मगे माका ओरडूचा लागता. एक माईक घेवन ये."

दुकानदाराला फोन लावला. त्याने विचारलं, आवाज साधारण किती मोठा? मी फोन आतेकडे दिला. तिने नुसतं "हॅलो" म्हटलं. तो म्हणाला, "ओळखलं," आणि माईक विकायला साफ नकार दिला.