बर्बेरीन आणि गरोदरपणातला डायबेटिस: त्या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज खूप फिरतोय. दारुहळदीतलं बर्बेरीन गरोदरपणातला डायबेटिस बरा करतं, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, नैसर्गिक असल्याने बाळाला काही होत नाही आणि म्हणून इन्सुलिन टोचून घ्यायची गरजच नाही, असं त्यात लिहिलंय. हे वाचून एखादीने खरंच इन्सुलिन बंद केलं तर, या काळजीने एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

"शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." काय सिद्ध केलंय ते बघू. बर्बेरीनने टाइप २ डायबेटिसवाल्यांची शुगर उतरते हे चाचण्यांत दिसलंय, २००८ साली चीनमधली एक बरीच गाजली, त्यात ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिलं आणि तीन महिन्यांत मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या नेहमीच्या गोळीइतकाच फरक पडला. हे मी नाकारत नाही. पण मेटफॉर्मिनशी तुलना केली ती जेमतेम ३६ जणांत, आणि त्यात गरोदर बाई एकही नव्हती.

मग गरोदरपणाचं काय? तिथे मेसेजवाले उंदरांचे प्रयोग दाखवतात. अशा प्रयोगांत बऱ्याचदा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारतात. बाईच्या बाबतीत तसं नसतं, तिच्या पेशी जिवंत असतात, वारेतून (म्हणजे प्लॅसेंटातून) येणारी हार्मोन्स इन्सुलिनचं काम अडवतात आणि वाढलेली गरज शरीराला पुरवता येत नाही. शिवाय उंदरीण तीन आठवड्यांत विते. अशा प्रयोगातून पुढे काय तपासायचं ते कळतं, कुणाला किती गोळ्या द्यायच्या ते नाही कळत.

"नैसर्गिक आहे, म्हणजे सेफ." अहो, उंदरांना डायबेटिस करणारं ते स्ट्रेप्टोझोटोसिनसुद्धा नैसर्गिकच आहे, मातीतला एक जिवाणू ते बनवतो.

"मेटफॉर्मिनही झाडापासूनच आलंय." बरोबर, पण अर्धीच गोष्ट. गॅलेगा नावाच्या झाडातलं गॅलेगीन शुगर कमी करायचं पण विषारी होतं, म्हणून त्याच्या जवळचे वेगळे रेणू शोधले गेले, मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि डायबेटिससाठी वापरात यायला १९५७ उजाडलं. झाडातलं द्रव्य जसंच्या तसं औषध म्हणून टिकलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाळ. बर्बेरीनने बाळाचं काय होतं याबद्दल मेसेजमध्ये एकच ओळ आहे आणि तीच चुकीची आहे. नवजात बाळाच्या रक्तात बिलिरुबिन असतं, ज्याच्यामुळे कावीळ दिसते, ते अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून राहतं तोवर ठीक, सुटं झालं की मेंदूत शिरू शकतं आणि कायमची इजा करू शकतं. बर्बेरीन बिलिरुबिनला अल्ब्युमिनवरून हटवतं हे १९९३ सालीच प्रयोगात दिसलंय. आणि डायबेटिस असलेल्या आईच्या बाळाला काविळीचा धोका मुळातच जास्त! म्हणजे ज्या बाळांसाठी हे जास्त धोक्याचं, नेमक्या त्यांच्याच आयांना ते सुचवलं जातंय. याचा मला खरंच राग येतो.

अजून एक उदाहरण, द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल. गाभण माकडिणींना ते दिलं तेव्हा वारेचा रक्तपुरवठा सुधारला, पण गर्भाचं स्वादुपिंड ४२ टक्क्यांनी मोठं झालं. २०१४ चा अभ्यास आहे. फक्त आईची तब्येत बघितली असती तर हे औषध पास झालं असतं.

"इन्सुलिनने बाळाला त्रास होतो." उलट आहे. इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जवळजवळ जातच नाही, म्हणून तर ते देतात. मेटफॉर्मिन जातं, म्हणून त्याची ७५१ बायकांवर रीतसर चाचणी झाली, आणि त्यातली काही मुलं सात ते नऊ वर्षांची झाल्यावरही तपासली गेली. बर्बेरीनसाठी असं काही झालेलं नाही.

"मी घेतलं, मला फरक पडला." पडला असेल, पण गरोदरपणातल्या डायबेटिसमध्ये ७० ते ८५ टक्के बायकांची शुगर नुसत्या खाण्यातल्या बदलाने आणि चालण्याने आटोक्यात राहते. कॅप्सूल घेणारी बाई सहसा हेही करत असतेच. श्रेय कशाला द्यायचं? ते ठरवायलाच तुलनेचा गट लागतो.

झाडातली द्रव्यं तपासूच नयेत असं मी म्हणत नाही, तपासावीत, पण नाळेच्या रक्तात किती पोचतं ते मोजून, बाळाचं वजन, जन्मल्यावरची शुगर, कावीळ हे सगळं नोंदवून, आणि मुलांकडे पुढे काही वर्षं लक्ष ठेवून.

ज्यांनी हे आधीच सुरू केलंय त्यांनी घाबरू नका. कॅप्सूल थांबवा, इन्सुलिन चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, आणि बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर तासाने १४० च्या आत किंवा दोन तासांनी १२० च्या आत, साधारण हे आकडे साधायचे असतात, तुमचे वर जात असतील तर तेही सांगा. बाळंतपणानंतरही बर्बेरीन घेऊ नका, ते दुधात उतरतं. आणि गरोदरपणात घेतलं होतं हे बाळाच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे ते बिलिरुबिनवर नीट लक्ष ठेवतील.