पान उलटू नका, माझं व्हायचंय

दाढ ठणकत असताना भारदस्त काही वाचवत नाही, म्हणून दवाखान्यात जाताना मी किशोरांसाठीची एक थरारकादंबरी घेऊन गेले. सहा मित्र, डोंगरातला बंगला, बाहेर वादळ, पूल वाहून गेलेला, फोनला रेंज नाही आणि प्रत्येकाच्या पोटात एक गुपित. पहिला मुडदा पडला आणि माझी दाढ ठणकायची थांबली.

"पान उलटू नका," शेजारून आवाज आला. "माझं व्हायचंय."

शेजारी एक काका. गालाला रुमाल, मान माझ्या पुस्तकात. मी थांबले. का थांबले, देव जाणे. काका ओठ हलवत वाचायचे, पान संपलं की "हं" म्हणायचे, मग मी उलटायचं. दोन-चार 'हं' झाल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"हा मुलगा तिला सांगून का टाकत नाही?"

"काय?"

"हेच, की गाडी त्याने ठोकली होती."

"सांगितलं तर पुस्तक संपेल, काका."

"संपू दे की. पोरं तरी वाचतील."

माझीही तक्रार हीच. या कादंबऱ्यांत दर प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी "मला तुला काहीतरी सांगायचंय" म्हणतं आणि लगेच दिवे जातात. जिला सगळं कळलेलं असतं ती "सकाळी सांगते" म्हणून एकटीच तळघरात उतरते. माणसं अडकवून ठेवायची युक्ती जुनीच. अगाथा ख्रिस्तीने १९३९ मध्ये दहा जणांना बेटावर नेऊन ठेवलं होतं. पण ती मोठी माणसं, त्यातून बहुतेक एकमेकांना अनोळखी. त्यांनी गुपितं दडवली तर समजू शकतं. ही तर म्हणे जिवलग!

"बरं, शिट्टी?" काका.

"कसली शिट्टी?"

"डोंगरात जाताना शिट्टी न्यायची असते. सहा जणांत एकाकडेही नाही?"

समोरच्या बाईंनी जोरात मान डोलावली. त्यांनी पुस्तकाचं एक पान वाचलेलं नव्हतं.

मग काकांनी माझ्या हातातलं पुस्तक फिरवून मागची बाजू वाचली. "चौदा वर्षांपुढील वाचकांसाठी. मुलीचं का?"

"माझंच."

"असं," म्हणाले. मला सांगायचं होतं, की अमेरिकेत बोकर या संस्थेने २०१२ मध्ये पाहणी केली, तेव्हा किशोरांची पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून जास्त वयाचे निघाले. त्यातले बहुतेक स्वतःसाठीच घेणारे. पण दाढ पुन्हा ठणकायला लागली होती आणि टक्केवारी तोंड मिटून सांगता येत नाही.

मोबाइल बघणारा माणूस कामात असतो, पुस्तक वाचणारा रिकामा, असं लोकांनी ठरवूनच टाकलंय. कानात हेडफोन असलेल्याला कुणी म्हणतं का, "बघू, एक कान इकडे द्या"? नाही म्हणत. मग माझंच पान सार्वजनिक का?

काकांचं नाव पुकारलं. उठता उठता त्यांनी गालावरचा रुमाल काढला. "ती अबोल मुलगी, चित्रं काढणारी. तिनेच मारलं. नात सांगत होती."

म्हणजे सगळं माहीत असून हा माणूस इतका वेळ माझ्यासोबत संशयितांची उलटतपासणी करत होता!

लंडनमध्ये ख्रिस्तीबाईंचं 'द माउसट्रॅप' हे नाटक, करोनातला खंड सोडला तर, १९५२ पासून चालू आहे. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. तिथे इतकी वर्षं एवढं जमतं, इथे एका दवाखान्यात जमत नाही. कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोगाअंती जाहीर केलं, की शेवट आधी कळला तर गोष्ट उलट जास्त आवडते. असेल. त्यांच्या वाचकांच्या शेजारी हे काका नव्हते.

दारातून काका परत वळले. "पण का मारलं ते काही तिने सांगितलं नाही हो. तुम्हाला कळलं की सांगा. मंगळवारी येतोय मी, रूट कॅनलला."

रात्री पुस्तक संपवलं. का मारलं ते कळलं. कारण फार सुरेख आहे, काकांना सात जन्मांत सुचणार नाही असं. माझी पुढची वेळही मंगळवारचीच होती. सकाळी फोन करून ती बुधवारची करून घेतली.