"चष्म्याचा नंबर तपासा" असं आम्ही म्हणायला नको होतं

नमस्कार ताई,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. आमच्याकडून लॅपटॉपवर विंडोज 11 टाकून घेतल्यापासून डीटीपीच्या (छपाईसाठी पानं मांडायच्या) सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं पुसट दिसतात, लालबागहून दादरला दोन खेपा झाल्या, दुसऱ्या खेपेला 400 रुपये घेऊनही फरक पडला नाही, आणि वर आमच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "चष्म्याचा नंबर तपासून घ्या." त्याला विचारलं, त्याने कबूल केलं. ताई, दिवसभर अनुस्वार आणि रफार बघणाऱ्या माणसाला आमच्या दुकानात असं ऐकावं लागलं, याची मला मनापासून लाज वाटते. मी तुमची माफी मागतो. तोही तुम्हाला फोन करणार आहे.

तुमची नजर ठीक आहे. अक्षरं खरोखरच पुसट दिसत होती, आणि ते आम्हाला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, कारण पुरावा तुम्हीच पाठवला होता. व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनशॉट बघून मुलगा म्हणाला, व्हॉट्सॲपवर सगळेच फोटो असे दिसतात. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं, हे खरं आहे. पण तेच चित्र तुम्ही मेलवरही पाठवलं होतं, ते कोणी उघडलंच नाही. काल रात्री मी उघडलं. खालच्या पट्टीवरची वेळ आणि तारीख स्वच्छ, आणि त्याच चित्रात पत्रिकेच्या पानावरची अक्षरं धुरकट. पडदा किंवा केबल बिघडलेली असती, तर स्क्रीनशॉट दुसऱ्या मशीनवर स्वच्छ दिसला असता, कारण स्क्रीनशॉट पडद्याचा फोटो नसतो. म्हणजे दोष त्या एका खिडकीपुरता होता. "प्रिंट मात्र छान येते" असंही तुम्ही सांगितलं होतं. त्यावरून मुलाने मशीन चांगलं आहे असा अर्थ काढला. खरं तर तीच खूण होती: प्रिंटरकडे अक्षर वेगळ्या वाटेने जातं, बिघाड फक्त दाखवण्यात होता.

आता कारण सांगतो. तुमचा लॅपटॉप 15.6 इंची, 1920 बाय 1080 चा. एवढ्या पडद्यावर मजकूर बारीक दिसू नये म्हणून विंडोज सगळं 125 टक्के मोठं दाखवतं. नवी सॉफ्टवेअरं हे ओळखतात आणि अक्षर मुळातच मोठं काढतात. तुमचं डीटीपीचं सॉफ्टवेअर जुनं आहे. पडदा म्हणजे इंचाला 96 ठिपके, एवढंच ते धरून चालतं आणि त्या मापाने चित्र काढतं. मग विंडोज ते तयार चित्र सव्वापट ताणतं. एका ठिपक्याची रेघ सव्वा ठिपक्याची करायची तर उरलेला पाव ठिपका करड्या रंगाने भरावा लागतो. इंग्रजी अक्षर यातून कसंबसं निभावतं. देवनागरीत 'ष'चा 'प' वाटतो, 'घ' आणि 'ध' एकसारखे दिसतात, बारीक टायपातला अनुस्वार शिरोरेघेत विरून जातो. पत्रिकेत नाव चुकलं तर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

जुन्या विंडोजवर हे का होत नव्हतं? फॉरमॅटच्या आधी आम्ही डिस्कची प्रत काढून ठेवतो. ती उघडली, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतं तिथे, तुमच्या सॉफ्टवेअरच्या नावापुढे 'हाय डीपीआय अवेअर' (म्हणजे 'याचं चित्र ताणू नका') अशी नोंद सापडली. कधीतरी कोणीतरी ही गोष्ट ओळखून नीट करून दिली होती. आम्ही तुमच्या फाइली जपल्या, फॉन्ट जपले, आणि ही नोंद फॉरमॅटमध्ये पुसली. चूक सरळसरळ आमची आहे. दुसऱ्या खेपेला मुलाने क्लिअरटाइप लावून पाहिलं, त्याने फरक पडणं शक्यच नव्हतं. क्लिअरटाइप अक्षर काढतानाच्या कडा सुधारतं. ताणणं त्यानंतर होतं. ते 400 रुपये परत करतोय.

एका गोष्टीत मात्र मला तुमच्याशी सहमत होता येत नाही. "परत विंडोज 10 टाकून द्या" असं तुम्ही लिहिलंय. तुमचे बँकेचे व्यवहार याच मशीनवर होतात, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. शिवाय त्याने अक्षर सुधारणार नाही. जुन्या सॉफ्टवेअरला ताणून दाखवणं विंडोज व्हिस्टापासून चालत आलंय, 10 मध्येही ती नोंद नसती तर हेच झालं असतं.

मी शनिवारी तुमच्याकडे येणार आहे, तोवर काम अडलं असेल तर घरीच करून बघा. सॉफ्टवेअर बंद करा, त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी, मग 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. खालच्या ओव्हरराइडच्या चौकोनात टिक करा आणि यादीतून 'ॲप्लिकेशन' निवडा, ओके करून सॉफ्टवेअर पुन्हा उघडा. यादीत 'सिस्टिम एन्हान्स्ड' हाही पर्याय दिसेल. तुमच्याच सॉफ्टवेअरवर मी तो दुकानातल्या मशीनवर लावून पाहिला: मेनू सुधारले, पानावरची अक्षरं तशीच राहिली. 'ॲप्लिकेशन'ने पान स्वच्छ होतं, पण मेनू आणि टूलबारची बटणं आतापेक्षा लहान दिसतील, हे आधीच सांगून ठेवतो. ती फारच बारीक वाटली तर दुसरा तोडगा काढू.

आजपासून आमच्या कामाच्या कागदावर एक ओळ वाढवली आहे: गिऱ्हाईक ज्या सॉफ्टवेअरवर पोट भरतं, ते उघडून, त्यात मराठी मजकूर टाइप करून, गिऱ्हाइकाला दाखवूनच मशीन द्यायचं. तुमच्या वेळी आम्ही डेस्कटॉप आणि ब्राउझर बघून मशीन हातात दिलं होतं.

तिसरी खेप तुम्ही घालायची नाही. शनिवारी दुपारी मीच लालबागला येतो. घरी लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडता असं तुम्ही मुलाला म्हणाला होतात. दोन्ही पडद्यांचं स्केल (किती टक्के मोठं दाखवायचं ते) वेगळं असेल तर खिडकी इकडून तिकडे नेताना पुन्हा पुसट होऊ शकते, तेही तिथेच बघतो. फक्त मॉनिटरला कोणती केबल लावली आहे तेवढं कळवा. जुन्या पद्धतीची व्हीजीए असेल तर येताना एचडीएमआयची घेऊन येतो.